जुन्या नावाला ओ

शुक्रवारी मासळी घ्यायची तर ती दारापाशीच. दार म्हणजे घराचं नव्हे, गल्लीचं. इटलीतल्या आंकोना बंदराच्या यहुदी गल्लीला दोन्ही तोंडांना लाकडी दारं होती, आणि दिवस मावळला की ती बाहेरून लागायची. त्यामुळे कोळणी दुपारीच टोपल्या घेऊन तिथे बसत आणि आमच्या बायका त्यांच्याशी भांडायला तिथे जमत.

रिक्का त्या शुक्रवारी सहा वर्षांच्या विताला बोटाशी धरून गेली होती. तिने एका माशाचे कल्ले वर करून पाहिले.

"कालचा आहे हा."

"कालचा? अगं, तुझ्या नवऱ्याच्या कोटांपेक्षा ताजा आहे!" कोळीण म्हणाली, आणि आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. रिक्काचा नवरा साबातो जुने कोट उसवून, कापड उलटवून पुन्हा शिवायचा. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत, की झाला नवा कोट.

रिक्काही हसली. चार लाल मासे घेतले, मनुका घरात होत्याच. अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून ती वर आली तेव्हा तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की दिवा लावायच्या आत मासा शिजायला हवा, कारण शुक्रवारी दिवा लागला की शनिवार मावळेपर्यंत आमच्यात चूल पेटवत नाहीत.

दारात सासूबाई उभ्या होत्या. दोन्ही हात चौकटीला लावून, वाट अडवल्यासारख्या. त्यांच्या मागे घरात एक काळ्या झग्यातला पाद्री आणि त्याचा कारकून. साबातो शिलाईच्या पाटापाशी उभा होता. त्याच्या दातांत सुई तशीच होती, ती काढायचं भान त्याला नव्हतं.

पाद्री ओरडला नाही की दरडावला नाही. तो अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे शनिवारी चूल पेटवायला तेक्ला नावाची बाई यायची. तीन वर्षांपूर्वी, मोठ्या तापाच्या साथीत, तुमची एक मुलगी मरायला टेकली होती. तेक्लाने तिच्या डोक्यावर पाणी घालून तिला बाप्तिस्मा दिला. परवा तिने तशी कबुली दिली आहे. मुलीचं नाव फियोरे. फियोरे आता ख्रिस्ती आहे, ती यहुद्यांच्या घरी राहू शकत नाही. आम्ही तिला न्यायला आलो आहोत."

न्यायला म्हणजे काय, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. समोरच्या घरातल्या ग्रात्सियोझाचा मुलगा असाच नेला होता, चार वर्षांचा असताना. आठ वर्षांनी तो तिला मिरवणुकीत दिसला, पांढरा झगा, हातात मेणबत्ती. तिने खिडकीतून हाक मारली. त्याने वर पाहिलं आणि बावरून शेजारच्या मुलाला विचारलं, ही बाई कोण?

रिक्काने विताचा हात इतका घट्ट धरला की पोर कळवळली.

कारण फियोरे म्हणजे विताच.

रिक्काला जुळ्या मुली होत्या, फियोरे आणि स्तेल्ला. तीन वर्षांच्या असताना दोघी तापाने आडव्या झाल्या. स्तेल्लाचा ताप जेमतेम होता, फियोरेचा मात्र उतरेचना. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नाव बदला." आमच्यात ही रीत आहे. मृत्यूचा दूत नावानिशी येतो. आजाऱ्याचं नाव बदललं की तो दाराशी येऊन जुनं नाव विचारतो, आणि त्या नावाचं घरात कुणी नसतं. तेव्हा दहा पुरुष जमले, रब्बींनी प्रार्थना म्हटली, आणि फियोरेची विता झाली. विता म्हणजे आयुष्य. "आजपासून त्या जुन्या नावाला जीभ लावायची नाही," सासूबाईंनी सगळ्या घराला बजावलं, "चुकूनसुद्धा."

दुसऱ्या दिवशी विता उठून बसली. भूक लागली म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी जेमतेम ताप असलेली स्तेल्ला, आईच्या मांडीवर खेळता खेळता, गेली.

दूत आला होता तो रिकाम्या हाताने परतला नव्हता. घरात हे सगळ्यांना कळलं, बोललं कुणीच नाही.

तेक्लाने पाणी घातलं असणार ते नाव बदलायच्या आदल्या शनिवारी. तिला फियोरेच माहीत. आणि आता हा दुसरा दूत तेच नाव घेऊन दाराशी उभा होता.

"फियोरे?" रिक्का म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "फियोरे वारली, पाद्रीबाबा. त्याच तापात."

साबातोच्या तोंडातली सुई खाली पडली.

"मग ही कोण?"

"ही विता. जुळ्यातली दुसरी."

सासूबाईंनी एकवार सुनेकडे पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि तीन वर्षं स्वतःच बंदी घातलेलं नाव घेऊन हंबरडा फोडला, "माझी फियोरे गं! सोन्यासारखी पोर माझी!" रडणं मात्र खरंच होतं. त्या स्तेल्लासाठी रडत होत्या.

पाद्री खाली वाकला. "बाळ, तुझं नाव काय?"

"विता," पोर म्हणाली. तिला दुसरं कुठलं ठाऊकच नव्हतं.

पाद्रीने गल्लीचा चिटणीस लेओने याला वह्या घेऊन बोलावलं. वही हिब्रूत. वाचणारा लेओने, ऐकणारा पाद्री. लेओनेने एकदा रिक्काच्या तोंडाकडे पाहिलं, पानावर बोट ठेवलं आणि न अडखळता वाचून दाखवलं, "जुळ्या मुली. फियोरे आणि विता. पैकी फियोरे मयत." झालं! स्तेल्ला जन्मलीच नव्हती. आमच्या कबरींवर नाव कोरायला तशीही बंदी होती, तेव्हा दगडाचीही भीती नव्हती.

रिक्काला वाटलं, सुटलो. तिने विताला पोटाशी घेतलं.

"ठीक," पाद्री कागद गुंडाळत म्हणाला. "पण बाप्तिस्मा झालेलं लेकरू आमचं. जिवंत असलं तरी आणि मेलेलं असलं तरी. ती यहुद्यांच्या मातीत राहू शकत नाही. सोमवारी काढून आमच्या स्मशानात नेऊ."

हे रिक्काच्या ध्यानीमनीही नव्हतं. अजूनही बोलायला वेळ होता. एक वाक्य, की ती फियोरे नव्हेच, ती माझी स्तेल्ला आहे, तिला हात लावू नका. विताचं डोकं तिच्या पोटावर होतं, ऊन ऊन, मासळी चाचपलेल्या हातांचा वास येणारं. रिक्काने वाक्य गिळलं.

सोमवारी समुद्रावरच्या टेकडीवर, आमच्या दफनभूमीत, साबातो एकटा गेला. बायकांना येऊ दिलं नाही. संध्याकाळी परत आला तो यहुद्यांना सक्तीची असलेली पिवळी टोपी हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"अहो, काही बोला."

"हलकी होती गं पेटी," तो म्हणाला. "खूपच हलकी. पाद्रीने वरून पाणी शिंपडलं. खूप शिंपडलं. फटींमधून आत गेलं."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आता त्या नावाला जीभ लावायची नाही." ह्या वेळी त्या स्तेल्लाबद्दल बोलत होत्या. आणि खरंच, गल्लीतली सगळी माणसं एका दिवसात स्तेल्लाला विसरली. एकाच्या तोंडून निसटलं असतं तरी विता गेली असती. म्हणून ज्यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं तेही विसरले.

पुढचा शुक्रवार आला. दिवा लागला. आमच्याकडे दिवा लागला की आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. जुळ्या होत्या तेव्हा रिक्काचा उजवा हात एकीच्या डोक्यावर असायचा आणि डावा दुसरीच्या. तीन वर्षं ती फक्त उजवा हात ठेवत आली होती. डाव्या हातात शालीचं टोक गच्च धरून ठेवायची, त्याला काहीतरी काम द्यावं म्हणून.

त्या दिवशी हात कसा सुटला कोण जाणे. ती डोळे मिटून म्हणत होती, "देव तुला सारासारखी, रिबेकासारखी करो, राहेल आणि लेआसारखी..." आणि डाव्या हाताखाली डोकं लागलं.

लहान डोकं. केस ओले, गार, मधे भांग. पाणी निथळून मनगटावरून बाहीत गेलं. मातीचा वास आला, आणि त्याखाली दुसरा एक, ख्रिस्त्यांच्या देवळाच्या दारावरून जाताना येतो तो, धुपाचा. रिक्काने डोळे उघडले नाहीत. उघडले तर जे हाताखाली आहे ते नाहीसं होईल, की दिसेल? दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली. तिने आशीर्वाद पुरा केला. डोळे उघडले तेव्हा समोर एकटी विता होती, आणि डावा तळवा ओला होता.

मग दर शुक्रवारी तेच. एक गोष्ट तिच्या लक्षात यायला दोन आठवडे लागले. दोन्ही हात एकाच उंचीवर होते. स्तेल्ला गेली तेव्हा जेमतेम कमरेएवढी होती. आताचं डोकं बरोबर विताएवढं होतं. मातीत राहूनही पोर वाढत होती.

घाबरायला हवं होतं. घाबरली नाही असंही नाही. पण गुरुवार उजाडला की ती शुक्रवारची वाट बघू लागायची. कुणाला सांगणार? आई होती ती. आधी दूताच्या आणि मग पाद्रीच्या हाती दिलेली पोर आपणहून हाताखाली येऊन उभी राहत होती, आणि तोंडातून रागाचा एक शब्द काढत नव्हती.

पाचव्या आठवड्यात कोळणीने टोपली उचलता उचलता विताचा गाल ओढला. "काय गं विता, दात पडला वाटतं?"

"माझं अजून एक नाव आहे," विता म्हणाली. "फियोरे."

रिक्काने पोरीला ओढत जिन्यात नेलं. "कुणी सांगितलं तुला? आजीने?"

"ती सांगते... ओल्या केसांची. ती मला फियोरेच म्हणते." विता रडवेली झाली. "तिला दुसरं नाव येतच नाही, आई. मी शिकवते तरी विसरते."

हो, कसं येणार! विता हे नाव घरात आलं आणि दुसऱ्या दिवशी स्तेल्ला गेली. तिला बहिणीचं ते एकच नाव ठाऊक होतं.

कोळणीच्या पोटात काही पाप नव्हतं, पण ऐकणारे पुष्कळ होते. पुढच्या बुधवारी लेओने चिटणीस धापा टाकत वर आला. "रिक्का, पाद्री शनिवारी परत येतोय. तेक्लाला घेऊन. म्हणे, पोरीला पाठमोरी बसवायची आणि जुन्या नावाने हाक मारायची. वळली तर..." त्याने विताकडे पाहिलं. "कुठे पाठवता आली तर बघ."

कुठे पाठवणार? दोन्ही दारांवर पहारा बसला होता.

दोन दिवस रिक्काने विताला घोकवलं, फियोरे म्हटलं तर वळायचं नाही. पोर मान हलवायची, आणि नाव ऐकलं की वळायची. सहा वर्षांची पोर! बहिणीने महिनाभर त्याच नावाने हाका मारलेल्या, त्या कानांत बसल्या होत्या.

शुक्रवारी दिवा लागला. रिक्काने दोन्ही हात पुढे केले. डावा हात ओला झाला. आशीर्वाद म्हणून झाला तरी तिने हात उचलले नाहीत. ती डावीकडे वाकली, डोळे मिटलेलेच.

"ऐक माझं," ती पुटपुटली. "आजपासून तुझं नाव फियोरे. कळलं? हिचं नाही, तुझं. उद्या कुणीतरी फियोरे म्हणून हाक मारेल. तेव्हा तू ओ द्यायची. ही नाही देणार... तू."

हाताखालचं डोकं हललं. तीन वर्षांची असताना हलवायची तसं, दोनदा, जोरात. शहाणी होती स्तेल्ला. सांगितलेलं कधी मोडलं नाही तिने. रिक्काला हुंदका आला, आणि डोळे उघडले तेव्हा सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या.

"आपण त्या पोरीला तिसऱ्यांदा देतोय," त्या हलकेच म्हणाल्या.

"मग दुसरं सांगा ना काही," रिक्का म्हणाली.

शनिवारी उतरत्या उन्हात ते आले. तेक्ला खूप म्हातारी झाली होती. जिना चढून ती चुलीजवळ टेकली आणि रिक्काकडे बघायचंच टाळू लागली. "पोर मरतेय असं वाटलं गं मला," ती सारखी म्हणत होती. "तिला स्वर्गात जागा मिळावी एवढंच मनात होतं. चांगलंच करायला गेले." रिक्काने तिला पाणी दिलं. तिचा राग आला होता, पण पाणी दिलं.

विताला खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. पाद्रीने सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि तेक्लाला खूण केली.

"फियोरे..." तेक्लाने हाक मारली.

विताची मान ताठ झाली. रिक्काने तिच्या कानामागची शीर हललेली पाहिली. आता वळणार...

"ओ."

आवाज बारीक होता, आणि तो खिडकीकडून आला नव्हता. चुलीच्या बाजूने आला होता. पाद्रीचे डोळे विताच्या पाठीवरच होते, त्याने काहीच ऐकलं नाही. साबातोनेही नाही. रिक्काने ऐकलं. आणि तेक्लाने ऐकलं. ती सावकाश चुलीकडे वळली आणि तिच्या हातातला पेला कलंडला.

"पुन्हा हाक मार," पाद्री म्हणाला.

"नको," तेक्ला म्हणाली. "ही नाही, बाबा. ही दुसरी आहे. माझी ती... ती नाही आता. मला कळलं." तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "पण मी तर तीन थेंब घातले होते हो. तीनच. इतके ओले कसे केस?"

"कुणाचे?"

पाद्रीने विताच्या कोरड्या केसांकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, वैतागून मान हलवली आणि कारकुनाला लिहायला सांगितलं: ओळख पटली नाही, प्रकरण बंद. लेखणीच्या त्या कुरकुरीने रिक्काला सहा आठवड्यांत पहिल्यांदा श्वास घेऊ दिला. विता वाचली. विता आता तिचीच होती, कायमची.

निघताना तेक्ला दारात थांबली. रडून डोळे सुजले होते. चुलीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहून ती मायेनं, अगदी सहज, म्हणाली, "चल गं बाई, चल माझ्याबरोबर. इथे एकटी गारठशील."

ती खरंच चांगल्या मनाची बाई होती. सगळं वाटोळं तिने चांगल्या मनानेच केलं.

ती गेली, आणि तिच्या मागोमाग चुलीपासून दारापर्यंत फरशीवर ओली पावलं उमटत गेली. अनवाणी, लहान. रिक्का धावत जिन्याच्या तोंडाशी आली. खाली पाद्रीचा झगा वळणावर दिसत होता, मागे कठड्याला धरून तेक्ला, आणि तिच्या मागे पायरीपायरीवर एकेक पाऊल. पोर सांगितलेलं ऐकत होती. फियोरे म्हणून बोलावलं होतं, फियोरे निघाली होती.

एक हाक पुरली असती. स्तेल्ला. एवढीच. तिचं खरं नाव, आईच्या तोंडून. ती धावत वर आली असती हे रिक्काला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण पाद्री अजून जिन्यात होता. स्तेल्ला कोण, असं त्याने विचारलं असतं. नाव दातांपर्यंत आलं. तिने शालीचा बोळा तोंडात कोंबला, आणि वरून सासूबाईंनी आपला हात दाबला. खालचं दार वाजलं. मग गल्लीचं दार लावायची घंटा झाली.

त्यानंतर रिक्का जिना उतरून गेली. वरच्या सगळ्या पायऱ्यांवरची पावलं तोवर वाळून गेली होती. फक्त शेवटच्या पायरीवर दोन होती, आणि ती उलटी होती. बोटं घराकडे, टाचा रस्त्याकडे. पोर तिथे थांबली होती. मागे वळून, वर बघत, हाकेची वाट पाहत उभी राहिली होती.

रिक्का त्या पायरीवर बसली आणि तेव्हा म्हणाली ते नाव. कितीदा तरी म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

पुढे कुठल्याच शुक्रवारी तिचा डावा हात ओला झाला नाही. विता मोठी झाली, लग्न होऊन त्याच गल्लीत पलीकडच्या घरी गेली, तिला मुलं झाली. ती त्यांना आशीर्वाद देते तेव्हा रिक्का खोलीबाहेर जाऊन उभी राहते.

शेवटच्या पायरीवर राख टाकून पाहिली, चुना लावून पाहिला. भर उन्हाळ्यात विहिरी आटल्या तरी ती दोन पावलं वाळत नाहीत. घरातली माणसं ती पायरी ओलांडून जातात, लहान मुलांनासुद्धा सांगावं लागत नाही. परवा जिन्यात कुणी नव्हतं, तेव्हा रिक्काने वहाण काढून आपलं पाऊल त्या पावलाशेजारी ठेवलं. आता ते ओलं पाऊल बरोबर तिच्या पावलाएवढं झालं आहे.